परमुलुखांतील भाड्याची मोटार आणि तिचा विमा

मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत साखरा नांवाचें गांव आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे वऱ्हाड लागतें. आज या दोन कांठांमध्यें जिल्ह्याच्या पाटीखेरीज फारसें कांहीं बदलत नाहीं. परंतु १९४८ पर्यंत अलीकडचा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता, आणि वऱ्हाडचा कारभार १९४७ पर्यंत इंग्रजांच्या हातीं होता. त्यामुळें नदी ओलांडणारा माणूस एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जात असे. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. मालावर करोडगिरीची जकात. कायद्याचीं पुस्तकें वेगळीं आणि कचेऱ्याही वेगळ्या. त्या काळच्या गाडीवानास ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे कीं, नदीपलीकडे बैल तेच, चाकें तींच, पण गाडी ज्या नियमांखालीं चालते ते नियम मात्र बदलतात.

ती सीमा आतां उरली नाहीं. पण त्याच मुलुखांतील मुलें आज त्याहून कितीतरी दूरच्या सीमा ओलांडून गेलीं आहेत. खेड्यांतून पुण्यामुंबईस शिकावयास गेलेला मुलगा पुढें जर्मनींत, अमेरिकेंत किंवा न्यूझीलंडमध्यें नोकरीस लागतो, आणि एखाद्या उन्हाळ्यांत आईवडिलांस बोलावून घेतो. आठदहा दिवस मोटार भाड्यानें घ्यावी आणि तो देश पाहावा, असा बेत ठरतो. मोठीं शहरें पाहावयास आगगाडी पुरते. परंतु डोंगरांतल्या वाटा, सरोवरांचे कांठ, मनास येईल तेथें घटकाभर थांबणें, हें मोटारीनेंच साधतें.

समजा, साखऱ्याचें असेंच एक कुटुंब आहे. वडील निवृत्त शिक्षक, आई, मुलगा आणि सून. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर हीं मंडळी मोटार ताब्यांत घेण्यासाठीं कंपनीच्या टेबलापाशीं उभीं राहतात. मागें रांग असते. आईचे पाय सुजलेले असतात. टेबलामागचा कारकून एक छापील कागद पुढें सरकवितो आणि विचारतो, "विमा हवा ना?" कागदावर चारपांच नांवें आणि प्रत्येकापुढें दर दिवसाचा दर लिहिलेला असतो. मुलगा थकलेला असेल तर म्हणतो, "सगळेच लावा." वडील काटकसरी असतील तर म्हणतात, "नको रे बाबा, आपण सांभाळून चालवूं." दोन्ही उत्तरें स्वाभाविक आहेत, आणि दोन्ही चुकीचीं ठरण्याचा संभव आहे. पहिल्या उत्तरानें भाड्याइतकीच रक्कम विम्यावर खर्च होऊं शकते. दुसऱ्यानें एका क्षणाच्या चुकीपायीं जन्माची शिल्लक, किंबहुना पुढची मिळकतही, गहाण पडूं शकते.

घोटाळ्याचें मूळ त्या प्रश्नांतच आहे. 'विमा' हा एकच शब्द तेथें तीन निरनिराळ्या वस्तूंस लावलेला असतो. मोटारीचा अपघात झाला म्हणजे नुकसान तीन ठिकाणीं होऊं शकतें : परक्या माणसाचें, भाड्यानें घेतलेल्या मोटारीचें, आणि मोटारींत बसलेल्या घरच्या माणसांचें. या तिहींचे नियम वेगळे, मर्यादा वेगळ्या आणि विमा देणारेही बहुधा वेगळे. शिवाय तिहींचें मापही सारखें नसतें. मोटारीचें नुकसान मोटारीच्या किंमतीपलीकडे फारसें जात नाहीं. परक्या माणसाच्या नुकसानास मात्र वरची सीमा नाहीं; एखाद्या मिळवत्या तरुणास कायमचें अपंगत्व आलें, तर त्याच्या जन्मभराच्या मिळकतीचा आणि शुश्रूषेचा हिशेब न्यायालयापुढें मांडला जातो. तरीही टेबलापाशीं जें भय अधिक दाखविलें जातें तें ओरखड्याचें आणि फुटक्या कांचेचें, कारण तें डोळ्यांसमोर चटकन् उभें राहतें. म्हणून निवडीचा पहिला नियम असा कीं, वारंवार घडणाऱ्या लहान नुकसानापेक्षां, क्वचित् घडणाऱ्या पण घर बुडविणाऱ्या नुकसानाचा बंदोबस्त आधीं करावा.

तेव्हां प्रथम परक्याच्या नुकसानाचा विचार. यालाच मोटारीच्या धंद्यांत 'थर्ड पार्टी' म्हणतात. विमेदार हा एक पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि ज्याचा या कराराशीं कांहीं संबंध नाहीं असा, वाटेनें जाणारा तिऱ्हाईत हा तिसरा. त्या तिऱ्हाइतास भरपाई मिळावी, मोटारवाल्याच्या खिशांत पैसे नाहींत म्हणून ती बुडूं नये, यासाठीं निरनिराळ्या देशांनीं हा विमा सक्तीचा केला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत ही सक्ती १९२७ पासून आली. ब्रिटनमध्यें १९३० च्या रस्ते-वाहतूक कायद्यानें ती झाली. भारतांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत ती तरतूद होती, पण प्रत्यक्षांत ती १ जुलै १९४६ पासून अंमलांत आली. पुढें १९८८ च्या कायद्यानें ती कायम ठेवली. विम्यावांचून गाडी रस्त्यावर आणणें हा गुन्हा आहे, हें गांवांतल्या ट्रॅक्टरवाल्यासही ठाऊक असतें.

परंतु सक्ती बहुतेक ठिकाणीं असली तरी तिचें माप सर्वत्र एक नाहीं, आणि प्रवासी फसतो तो येथेंच. ब्रिटनमध्यें माणसाला झालेल्या इजेबद्दल विम्याची मर्यादाच नाहीं. न्यायालय ठरवील ती रक्कम विमा कंपनी देते. युरोपांतील बहुतेक देशांत कायद्यानें ठरविलेली किमान रक्कम लाखों युरोंची आहे. अमेरिकेंत मात्र प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा, आणि पुष्कळ ठिकाणीं तो अगदीं तुटपुंजा आहे. कॅलिफोर्नियाचेंच उदाहरण पाहावें. तेथें १९६७ पासून २०२४ अखेरपर्यंत एका माणसाच्या इजेसाठीं किमान विमा अवघ्या १५ हजार डॉलरांचा असे. १ जानेवारी २०२५ पासून तो ३० हजार झाला, आणि एका अपघातांतील सर्व माणसें मिळून ६० हजार. ज्या देशांत रुग्णालयांतील थोड्या दिवसांचा खर्चही याहून अधिक होऊं शकतो, तेथें हा आकडा भरंवशाचा नव्हे. आकड्यापलीकडची रक्कम चालविणाऱ्याच्या अंगावर येते.

म्हणून अमेरिकेंत मोटार घेतांना कागदावरच्या चारपांच नांवांपैकीं जें नांव प्रथम शोधावयाचें, तें 'सप्लिमेंटल लायबिलिटी'चें. कायद्याच्या किमान रकमेवर तें अधिक संरक्षण चढवितें. कोठें तीन लाख डॉलरांपर्यंत, कोठें दहा लाखांपर्यंत. आकडा करारागणिक बदलतो, यास्तव तो विचारून आणि लेखी पाहूनच पुढें जावें. मुलगा तेथेंच राहत असेल आणि त्याची स्वतःची मोटार विमा उतरविलेली असेल, तर त्याच्या पॉलिसीचें संरक्षण त्याच देशांत भाड्यानें घेतलेल्या मोटारीसही पुष्कळदा लागू पडतें. अशा वेळीं तीच वस्तु दोनदां विकत घेण्याचें कारण नाहीं. परंतु तीच पॉलिसी घेऊन तो युरोपांत उतरला, तर ती तेथें बहुधा निरुपयोगी. भारतांतून आलेल्या वडिलांपाशीं तर अशी पॉलिसी नसतेच. एकाच कुटुंबांतील बापलेकांस एकाच टेबलावर निरनिराळें उत्तर योग्य असूं शकतें, तें यामुळें.

न्यूझीलंडची रीति आणखीच निराळी आहे. तेथें १९७४ पासून अपघातांतील इजेची भरपाई सरकारी योजनेंतून मिळते. चूक कोणाची याचा खल होत नाहीं, आणि इजेच्या भरपाईसाठीं एकमेकांवर फिर्याद करण्याची सोय त्या योजनेनें बहुतेक बंद केली आहे. पाहुण्या प्रवाशाच्या उपचारासही तिचा आधार मिळतो. मात्र दुसऱ्याच्या मोटारीचें किंवा मालमत्तेचें नुकसान झालें तर तें त्या योजनेंत येत नाहीं, आणि त्याचा विमा तेथें कायद्यानें सक्तीचाही नाहीं. तेव्हां त्या देशांत भाड्याच्या करारांत परक्याच्या मालमत्तेचें संरक्षण आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून किल्ली हातीं घेऊं नये. तीन मुलूख, तीन रीति. पैनगंगेच्या कांठावरचा जुना गाडीवान जें जाणत होता, तेंच येथें लागू पडतें.

दुसरें नुकसान भाड्याच्या मोटारीचें. हें समजून घेतांना एक बारीक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. कागदावर ज्यास 'कोलिजन डॅमेज वेव्हर' किंवा अमेरिकेंत 'लॉस डॅमेज वेव्हर' म्हणतात, तो काटेकोरपणें पाहतां विमा नव्हेच. मोटार कंपनीची असते. तिला धक्का लागला तर भरपाई मागण्याचा हक्क कंपनीचा असतो. दर दिवशीं कांहीं रक्कम घेऊन तो हक्क कंपनी स्वतःच सोडून देते, आणि तोही कांहीं अटींवर. अट मोडली म्हणजे सोडलेला हक्क परत जागा होतो. मोटार चोरीस गेली तर काय, याची तरतूद युरोपांत पुष्कळदा वेगळ्या नांवानें असते. तीही पाहावी लागते.

हा हक्क कंपनी पूर्णपणें सोडते असेंही नाहीं. युरोपांतील पुष्कळ करारांत पहिली अमुक रक्कम प्रवाशानेंच सोसावयाची असते. तिला 'एक्सेस' म्हणतात, आणि अमेरिकेंत 'डिडक्टिबल'. ही कल्पना भारतीय घरांस अगदीं नवी नाहीं. येथील खासगी मोटारीच्या पॉलिसींतही दाव्याच्या वेळीं पहिले एक हजार रुपये, आणि मोटार पंधराशे सी.सी.हून मोठी असेल तर दोन हजार रुपये, मालकासच सोसावे लागतात. फरक इतकाच कीं, परदेशांत हा आकडा हजार-दोन हजार युरोंपर्यंत जातो, आणि तेवढी रक्कम प्रवाशाच्या क्रेडिट कार्डावर अनामत म्हणून अडकवून ठेवली जाते. कार्ड चालविणाऱ्याच्याच नांवाचें नसेल, किंवा त्यावर तेवढी शिल्लक मर्यादा नसेल, तर मोटार मिळतच नाहीं. मुलाच्या कार्डावर वडिलांच्या नांवची मोटार घेऊं पाहणारीं कुटुंबें या एका मुद्द्यावर ताटकळत बसतात.

ही सोसावयाची रक्कम शून्यावर आणण्याचे मार्ग तीन. पहिला, कंपनीचाच 'सुपर' वेव्हर टेबलावर घेणें. दुसरा, स्वतंत्र विमा कंपनीची, फक्त हा एक्सेस परत देणारी पॉलिसी आधींच विकत घेणें. तिसरा, क्रेडिट कार्डाबरोबर फुकट मिळणाऱ्या संरक्षणावर भिस्त ठेवणें. कल्पित आकड्यांनीं हिशेब मांडला तर फरक स्पष्ट होतो. समजा, एक्सेस पंधराशे युरो आहे. टेबलावरचा वेव्हर दिवसाला पंचवीस युरो, म्हणजे दहा दिवसांचे अडीचशे. बाहेरची पॉलिसी समजा साठ युरोंची. स्वस्त अर्थातच दुसरी. पण तिच्यांत नुकसानाची रक्कम आधीं प्रवाशाच्या कार्डावरून कापली जाते, आणि कागदपत्रें पाठवून ती मागाहून परत मिळवावी लागते. अनामतही अडकून राहतेच. ज्याला तेवढे पैसे दोन महिने अडकले तरी चालतात, त्यानें दुसरा मार्ग धरावा. ज्याला चालत नाहींत, त्यानें पहिल्याची जादा किंमत द्यावी. शिवाय अशा पॉलिसी पुष्कळदा विशिष्ट देशांत राहणाऱ्यांसच विकल्या जातात. जर्मनींत राहणारा मुलगा ती घेऊं शकतो. साखऱ्याहून आलेल्या वडिलांच्या नांवें घेतली तर दाव्याच्या दिवशीं रहिवासाचा प्रश्न उपस्थित होतो.

तिसऱ्या, म्हणजे कार्डाच्या मार्गांत खाचखळगे अधिक. अशा संरक्षणाची सामान्य अट अशी असते कीं, संपूर्ण भाडें त्याच कार्डानें दिलेलें असावें आणि कंपनीचा वेव्हर नाकारलेला असावा. कांहीं देश, मोठ्या गाड्या आणि ठराविक दिवसांहून अधिक मुदतीचे करार त्यांतून वगळलेले असतात. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, कार्डाचें संरक्षण बहुधा मोटारीपुरतेंच असतें. परक्या माणसाच्या इजेशीं त्याचा संबंध नसतो. 'कार्डावर विमा आहे' या एका वाक्यावर विसंबून परक्याचा विमा नाकारणें ही सुशिक्षितांच्या हातून होणारी चूक आहे, आणि तीच सर्वांत महाग पडूं शकते.

वेव्हर घेतला तरी कांहीं वस्तू त्याच्या बाहेर राहतात. टायर, कांचा, मोटारीचें छत आणि तिचा तळ हे भाग पुष्कळ करारांत वगळलेले असतात. किल्ली हरवणें, डीझेलच्या गाडींत पेट्रोल भरणें, हेंही बाहेरच. मोटार दुरुस्तीस असेपर्यंत कंपनीचें बुडालेलें भाडें आणि कारकुनी खर्च हे वेगळे लावले जातात. देशाच्या निसर्गाप्रमाणें ही यादी बदलते. आइसलंडमध्यें वाळूच्या आणि ज्वालामुखीच्या राखेच्या वादळानें रंग खरवडून निघतो. त्यासाठीं तेथें वेगळें संरक्षण विकलें जातें. तेथल्याच डोंगरी वाटांवर नदी ओलांडतांना इंजिनांत पाणी शिरलें, तर तो खर्च जवळजवळ कोणताच करार उचलीत नाहीं. ऑस्ट्रेलियांत कच्च्या रस्त्यावर, किंवा दूरच्या प्रदेशांत सूर्यास्तानंतर, मोटार चालवूं नये अशी अट पुष्कळदा असते, कारण तिन्हीसांजेस कांगारू रस्त्यावर येतात. तेव्हां विम्याचा कागद वाचण्यापूर्वीं प्रवासाचा नकाशा समोर घ्यावा, आणि ज्या वाटेनें खरोखर जावयाचें तीच वाट करारांत निषिद्ध नाहीं ना, हें ताडून पाहावें.

तिसरें नुकसान घरच्या माणसांचें. मोटार कंपनीच्या कागदावर 'पर्सनल ॲक्सिडेंट' आणि 'पर्सनल इफेक्ट्स' अशीं दोन नांवें असतात. एक अपघाती इजेसाठीं, दुसरें सामानासाठीं. निघण्यापूर्वीं भारतांत चांगला प्रवासविमा उतरविलेला असेल, तर हीं दोन्ही बहुधा अनावश्यक ठरतात. पण 'चांगला' म्हणजे कोणता, हें पाहिलें पाहिजे. साठी ओलांडलेल्या आईवडिलांस मधुमेह किंवा रक्तदाब असतो, आणि पुष्कळ प्रवासविम्यांत आधींपासून असलेले आजार वगळलेले किंवा केवळ जिवावरच्या प्रसंगापुरते घेतलेले असतात. फॉर्म भरतांना आजार लपविला तर हप्ता थोडा वांचतो आणि दावा बुडतो. अमेरिकेसारख्या देशांत जातांना विम्याची रक्कम मोठी असावी, कारण तेथील वैद्यकीय खर्च जगांतील अति महागांपैकीं आहे. भाड्याची मोटार चालवितांना झालेली इजा त्या पॉलिसींत धरलेली आहे, एवढी एक ओळही शोधून पाहावी.

या तिन्ही संरक्षणांस एकाच वेळीं निकामी करणाऱ्या कांहीं गोष्टी आहेत. पहिली परवान्याची. अनेक देशांत भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. रस्तेवाहतुकीसंबंधीं १९४९ मध्यें जिनीव्हा येथें जो करार झाला, त्याच्या आधारें हा परवाना दिला जातो. भारत त्या करारांत १९६२ मध्यें सामील झाला. साखऱ्याच्या रहिवाशास तो हिंगोलीच्या प्रादेशिक परिवहन विभागाकडून मिळूं शकतो. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि मूळ परवाना सोबत असेल तरच तो चालतो. दुसरी गोष्ट चालकाची. करारांत ज्याचें नांव लिहिलें आहे त्यानेंच मोटार चालवावी. मुलगा थकला म्हणून दहा मैल वडिलांनीं चाक हातीं घेतलें, आणि त्यांचें नांव करारांत नसेल, तर त्या दहा मैलांत घडलेल्या गोष्टीस बहुधा कोणतेंच संरक्षण राहत नाहीं. जादा चालकाचें नांव घालण्यास थोडे पैसे पडतात, ते द्यावे. युरोपांतील बहुतेक देशांत आणि अमेरिकेंत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, हें ध्यानांत घेतां वडिलांनीं चाक न घेणेंही शहाणपणाचेंच. तिसरी मद्याची, तिजविषयीं कोठेंही क्षमा नाहीं.

चौथी गोष्ट सीमेची, आणि येथें पुन्हां पैनगंगा आठवावी. युरोपांत एका दिवसांत तीन देश ओलांडतां येतात, आणि नाकीं दिसत नाहींत म्हणून सीमाच नाहीं असें प्रवाशास वाटूं लागतें. एका देशाचा तिऱ्हाइताचा विमा दुसऱ्या देशांत मानला जावा म्हणून १ जानेवारी १९५३ पासून 'ग्रीन कार्ड' नांवाची व्यवस्था तेथें सुरू झाली. युरोपीय संघाच्या आंत तर तें कार्ड दाखविण्याचेंही कारण उरलेलें नाहीं. परंतु कायदा परवानगी देतो म्हणून मोटार कंपनी देतेच असें नाहीं. अमुक देशांत न्यावयाची असेल तर आधीं सांगा, जादा आकार द्या, अमुक महागडी गाडी तिकडे नेऊंच नका, अशा अटी करारांत असतात. न विचारतां सीमा ओलांडली तर वेव्हरचें संरक्षण अलीकडच्या कांठावरच राहतें.

जवळचें उदाहरण नेपाळचें आहे. स्वतःची मोटार घेऊन काठमांडू-पोखऱ्यास जाणारीं मराठी कुटुंबें पुष्कळ. सीमेवर तेथील 'भन्सार' म्हणजे जकातीचा आकार भरून पावती घ्यावी लागते, आणि बहुतेकांची तयारी तेवढ्यावर संपते. वस्तुतः भारतांतील मोटारविम्याचा प्रदेश भारतापुरता असतो. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका यांसारख्या शेजारी देशांपर्यंत तो वाढवितां येतो. पण त्यासाठीं निघण्यापूर्वीं विमा कंपनीस कळवून, जादा हप्ता भरून, पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. मोटार भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमतीही हवी. करोडगिरीच्या नाक्यासारखा भन्सारचा नाका डोळ्यांस दिसतो. विम्याची सीमा दिसत नाहीं, पण ती त्याच नाक्यावर असते.

राहिली गोष्ट पुराव्याची. मोटार ताब्यांत घेतांना तिच्या चारी बाजू, चाकें, कांचा, छत आणि आंतील मैलांचा आकडा यांचीं छायाचित्रें घ्यावीं. असलेला प्रत्येक ओरखडा कंपनीच्या कागदावर लिहवून घ्यावा. परत देतांना पुन्हां तसेंच करावें, आणि शक्यतों कचेरी उघडी असतांनाच मोटार द्यावी. अपघात झालाच तर प्रथम जखमींची व्यवस्था, मग पोलिसांस वर्दी, मग कंपनीस निरोप. चूक कबूल करणारा कागद जागेवर लिहून देऊं नये. जबाबदारी ठरविणें हें विमा कंपनीचें काम आहे. संयुक्त अरब अमिरातींत तर पोलिसांच्या कागदावांचून कोणतेंही गॅरेज साधी पोंचलेली बाजूही दुरुस्त करीत नाहीं. वर्दीचें महत्त्व साखऱ्याच्या शेतकऱ्यास वेगळें सांगावयास नको. २०१६ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीनें पीक गेलें, तर ७२ तासांच्या आंत कळवावें लागतें. सोयाबीन डोळ्यांदेखत आडवें झालें असलें तरी वेळेवर न कळविलेल्या दाव्याची वाट बिकट होते. मोटारीच्या विम्यांतही नुकसान खरें असणें पुरत नाहीं. तें वेळेवर कळविलेलें आणि कागदावर उतरलेलें असावें लागतें.

सारांश, निवडीचा क्रम असा. घरीं असतांनाच, टेबलापुढच्या रांगेंत उभें राहण्यापूर्वीं, प्रथम परक्याच्या इजेची व मालमत्तेची मर्यादा किती हें विचारावें, आणि ती तोकडी असेल तर इतर कोठेंही काटकसर करून ती वाढवावी. नंतर घरच्या माणसांच्या औषधोपचाराचा विमा पाहावा. मोटारीचा विचार सर्वांत शेवटीं. तेथें वेव्हर आहे कीं नाहीं, एक्सेस किती आणि तेवढी रक्कम घर सोसूं शकतें कीं नाहीं, एवढेंच ठरवावें. सोसूं शकत असेल तर बाकीच्या नांवांस खुशाल नकार द्यावा. मग नकाशा, चालकांचीं नांवें आणि ओलांडावयाच्या सीमा करारांशीं ताडून पाहाव्या.

साखऱ्याच्या त्या कुटुंबानें एवढें घरच्या ओसरीवर बसून, फार तर एका संध्याकाळीं, उरकलें तर विमानतळावर कारकुनाच्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. मुलगा म्हणतो, "परक्याचें संरक्षण वाढवून द्या, वडिलांचें नांव जादा चालक म्हणून घाला, बाकीचें आमच्यापाशीं आहे." तोंवर वडिलांनीं मोटारीभोंवतीं एक फेरी मारून मागल्या दारावरचा ओरखडा हेरलेला असतो, आणि तो कागदावर लिहिला गेल्यावांचून ते आईस आंत बसूं देत नाहींत.